अक्काची चार दिवसांची सुट्टी

सुरतेत, कतारगामात, लूमच्या कारखान्यांच्या मागं पत्र्याची एक लांबट खोली होती. तिथं आनंदी सपकाळे खानावळ चालवायची. खानावळीला पाटी नव्हती, नाव नव्हतं. अमळनेर-धरणगावाकडून भुसावळ पॅसेंजरनं कुणी नवा माणूस लूमवर कामाला आला, की आधीचे त्याला हाताला धरून तिथं आणायचे आणि सांगायचे, "आठे जेवाले बस. ही आपली अक्का." तेवढ्यावर तो माणूस तिथला होऊन जायचा.

अक्काचा नवरा भाऊराव गिरणीत होता. छप्पन्न साली गावच्या लोकांबरोबर त्यानं दीक्षा घेतली आणि दोनच वर्षांत छातीच्या दुखण्यानं तो गेला. मूलबाळ नव्हतं. गावी जाऊन भावजयीच्या हाताखाली राहणं आनंदीच्या जिवावर आलं. भाऊरावाच्या सोबतीच्या चौघांना ती आधीपासून डबा द्यायचीच. चाराचे दहा झाले, दहाचे तीस. सगळे आपलेच, बौद्ध, एकटे राहणारे, बारा तासांच्या पाळीनं पिंजून निघालेले. त्यांना वाढताना ती कुणाच्या ताटात भाकर संपू द्यायची नाही. तिचं स्वतःचं जेवण मात्र सगळ्यांच्या शेवटी, चुलीपाशी, परातीत उरलेलं. पाटावर बसून, दुसऱ्यानं वाढलेलं आपण शेवटचं कधी जेवलो, हे तिला आठवत नव्हतं. आठवायचं कारणही कधी पडलं नव्हतं.

अडुसष्टच्या ऑगस्टात तापी शहरात शिरली. खोलीत पाणी पत्र्याला टेकलं. माणसं समोरच्या कारखान्याच्या गच्चीवर चढली. अक्कानं आपली ट्रंक पाण्यात सोडली आणि आधी स्टो वर पोचवला, मग तांदळाचं पोतं, मग डाळीचं. तीन दिवस ती त्या गच्चीवर खिचडी शिजवत होती. आपली माणसं होतीच, पण आजूबाजूच्या चाळींतली गुजराती कुटुंबं, त्यांची पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं. त्या तीन दिवसांत कुणी कुणाला काही विचारलं नाही.

पाणी ओसरलं, चिखल उपसला, चूल पुन्हा पेटली. मग खानावळीतली माणसं आपसात बोलायला लागली की अक्काला काहीतरी द्यायला पाहिजे.

"लुगडं देऊ चांगलं," दगा म्हणाला. दगा बोलण्यात भोळा, पण मनानं दिलदार.

"लुगडं नेसून ती चुलीपुढंच बसणार," सुकदेव म्हणाला. "तिला चुलीपासून उठवलं पाहिजे."

सुकदेव त्या सगळ्यांत हुशार. पंचविशीचा, उंच, गुजराती वाचता येणारा. लूमच्या आवाजात राहून मोठ्यानं बोलायची सवय लागलेला. त्यानं खिशातून एक गुलाबी कागद काढला. तीथलजवळ समुद्राकाठी एक शांतिसागर विश्रामगृह निघालं होतं, त्याची ती जाहिरात. चार दिवसांचा मुक्काम. राहणं, सकाळचा चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, वलसाड स्टेशनवरून न्यायला-आणायला घोडागाडी.

"बठ्ठं येनं त्यामा! सगळंच!" सुकदेव म्हणाला. "आणि खाली काय लिहिलंय ऐका. आपण फक्त यायचं."

वर्गणी निघाली. भागळच्या बाजारात एका दुकानात बुकिंग होतं, तिथं सुकदेव स्वतः गेला. आपण पुरी चौकशी केली असंच त्याला वाटलं. खाटा आहेत का, पाणी गोड आहे का, गाडी वेळेवर येते का, जेवणाबरोबर तिखट चटणी मिळेल का, सगळं त्यानं विचारलं. दुकानदारानं सगळ्याला हो म्हटलं, नाव लिहून घेतलं आणि पावती दिली.

अक्कानं आधी ते थट्टेवारी नेलं. मग चिडली. "मी काय म्हातारी झाले का हवापालट करायला?" पण दिवाळीत कारखाने बंद राहणार, माणसं गावी जाणार, खानावळीला तसंही कुलूप. सगळ्यांत वयस्क धुडकू, तो शेवटी म्हणाला, "जाय वं माय. तुले कोणी वाढताना आम्ही पाहू शकणार नही, पण निदान आम्हाला ठाऊक तरी राहील."

त्यावर तिनं पिशवी भरायला घेतली.

वलसाडला घोडागाडी खरंच उभी होती. विश्रामगृह पांढरं, दुमजली, पुढं सुरूची झाडं. दारातल्या टेबलापाशी मॅनेजर बसला होता. मऊ बोलणारा, स्वच्छ धोतराचा. त्यानं पावती पाहिली, वही उघडली, नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "केवा छो तमे, बेन?"

इतकी वर्षं सुरतेत काढलेल्या आनंदीला त्या प्रश्नाचा अर्थ कळत होता, जात कोणती. भाऊराव दीक्षा घेऊन आला त्या दिवशी दारातूनच म्हणाला होता, "आता कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं." तिनं मान वर केली.

"बौद्ध."

मॅनेजरचं पेन क्षणभर थांबलं. "महाराष्ट्रना?"

"हो."

तो हसला. तोंडभर, सौजन्यानं. "तमारुं जमवानुं रूममां मोकलीशुं, बेन. आराम करो."

जेवण खोलीत येणार! आनंदी जिना चढताना मनाशी हरखली. पाहुण्यांचा एवढा मान ठेवतात, तर मग लोक उगाच येतात का? खोलीत खाट होती, खिडकीतून समुद्र दिसत होता. पाय धुऊन ती खाटेवर बसली आणि हातांना काही काम नसल्यामुळं पदराचं टोक गुंडाळत राहिली.

दुपारी ताट आलं. आणणारी बाई मराठी बोलणारी निघाली. डहाणूकडची, सरलाबाई नावाची. तिनं ताट उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं.

"आत आणा ना," आनंदी म्हणाली.

"घ्या तुम्हीच उचलून." सरलाबाई खाली बघत होती.

ताट जर्मनचं होतं, काठाला पोचे आलेलं. श्रीखंड होतं, पुऱ्या होत्या, अळूचा पात्रा होता, डाळ-भात होता. पुऱ्या गार झाल्या होत्या, पण तिनं त्याचं काही मनावर घेतलं नाही. पहिला घास घेतला तेव्हा तिला धुडकूची आठवण आली आणि डोळ्यांत पाणी आलं. जेवण झालं तसं तिनं ताट दाराबाहेर ठेवलं. थोड्या वेळानं सरलाबाई आली आणि दारातच घुटमळली.

"बाई, ताट तेवढं विसळून त्या कोपऱ्यात उपडं ठेवा. चार दिवस तेच ताट तुमचं. मला तसं सांगितलंय."

"का बरं?"

सरलाबाईनं ताटाला हात लावला नाही. हात न लावता ती उभी राहिली, तेवढ्यात आनंदीला कळलं. पुन्हा तोंड फोडून विचारायची गरज पडली नाही. तिनं ताट उचललं, मोरीवर गेली, कोपऱ्यातली राख घेऊन ते घासलं आणि उपडं ठेवलं. त्या दिवशी खानावळीतली भांडी तिला घासायची नव्हती. घासलं ते हे एकच ताट.

तरीही माणसाचं मन वेडं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी खालून ताटांचा आवाज आला, हसण्या-बोलण्याचा आवाज आला. आनंदीला वाटलं, सरलाबाईनंच काही चुकीचं ऐकलं असेल. पावती तर सगळ्यांची सारखी. ती केस नीट करून खाली उतरली. मोठ्या हॉलमध्ये पाट मांडले होते. स्टीलची ताटं चमकत होती. एक आचारी महाराज पुऱ्यांची टोपली घेऊन पंगतीतून फिरत होता, नको म्हणणाऱ्यांना आणखी एक वाढत होता. शेवटचा एक पाट रिकामा होता. ती त्या पाटापर्यंत पोचली. अजून बसली नव्हती.

शेजारच्या पाटावरची बाई उठून उभी राहिली.  आपल्या मुलीलाही तिनं दंडाला धरून उठवलं. महाराज टोपली घेऊन जागच्या जागी थांबला. मॅनेजर लगबगीनं आला आणि त्यानं हात जोडले.

"बेन, बीजा मेमानने तकलीफ थाय छे. तमारे माटे रूममां बधी सगवड छे ने."

दुसऱ्या पाहुण्यांना त्रास होतो, हे सांगताना त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर आनंदीही बोलली असती, ती काही गप्प बसणारी नव्हती. तीस माणसांना एका आवाजात गप्प करणारी बाई ती. पण हात जोडलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला सुचलं नाही. ती वळली आणि जिना चढली. पाठीमागं पुन्हा ताटांचे आवाज सुरू झाले.

ती परत निघाली असती. पण गावाहून कुणी लवकर परतला, तर 'मधेच का आलीस' म्हणून विचारणार. मग पुढचे दोन दिवस ती सकाळी वाळूवर जाऊन बसायची आणि ऊन चढलं की खोलीत यायची. ताट यायचं. ती थोडं खायची, ताट घासायची, उपडं ठेवायची. निघायच्या दिवशी सरलाबाई जिन्यात भेटली. हळू आवाजात म्हणाली, "राग धरू नका, बाई. मला पण त्या हॉलमध्ये बसू देत नाहीत. मी मागच्या पायरीवर बसून खाते."

"मग इथं राहतेस कशाला?"

"जाऊ कुठं?"

 मग घोडागाडीवाल्यानं हाक मारली.

दिवाळी संपून माणसं परतली, ती पहिल्या संध्याकाळी सगळी एकदम खानावळीत जमली. कुणी गावाहून शेवया आणल्या होत्या, कुणी कळण्याचं पीठ. पण कुणाला जेवायची घाई नव्हती.

"सांग ना वं अक्का," दगा म्हणाला. "कशी व्हती जागा? कोण वाढायला होतं?"

आनंदीनं समोर पाहिलं. सुकदेव सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की जणू समुद्रावर तोच जाऊन आला होता. त्या चेहऱ्याकडं बघत तिनं बोलायला सुरुवात केली.

"महाराज होता एक. टोपलीभर पुऱ्या घेऊन फिरायचा. मी नको म्हणायची, तरी वाढायचा."

"ताट कशाचं?" पुढं बसलेल्या छगननं विचारलं.

"स्टीलचं. तोंड दिसेल असं."

माणसं खूष झाली. त्यानंतर ती गोष्ट वारंवार सांगायची पाळी तिच्यावर आली. कुणी नवा आला, की जुने म्हणायचे, अक्का, ते तीथलचं सांग. दर खेपेला गोष्टीत थोडी भर पडायची. शेजारच्या पाटावरच्या बाईनं आपुलकीनं चौकशी केली, मुलगी मांडीवर येऊन बसली. कधी कधी सांगता सांगता आनंदीला स्वतःलाच ते खरं वाटायचं.

एकोणसत्तरच्या वैशाखात सुकदेवचं लग्न झालं. नंदुरबारची विजया, सातवी शिकलेली, मोकळी हसणारी. कारखान्यामागच्याच चाळीत त्यांनी खोली घेतली. दुपारी ती खानावळीत यायची, अक्काबरोबर भाजी निवडायची.

"अक्का, समुद्राच्या पलीकडं खरंच काही दिसत नाही?"

"नाही गं."

"मग माणूस बघतो काय तिथं?"

"पाणी येतं न् जातं. तेच."

दिवाळी जवळ आली तशी सुकदेवनं खिशातून पुन्हा तो गुलाबी कागद काढला. या वेळी बुकिंग झालेलं होतं, दोघांचं. "तुझ्या त्या महाराजाला सांगतो अक्काची माणसं आलोत म्हणून," तो म्हणाला.

आनंदीनं हातातली परात खाली ठेवली.

"एवढ्या लांब कशाला?" ती म्हणाली. "डुमसला जा की. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथली हवा खारट रे, विजयाला बाधेल. डासही फार."

"गेल्या वर्षी डास नव्हते वाटतं?" सुकदेव हसला. "आता आम्ही निघालो तर डास आले!"

त्यानंतरचे आठ-दहा दिवस ती रोज ठरवायची की आज सांगू. सांगायचं म्हणजे एका वाक्याचं काम. पण ते एक वाक्य बोललं, की वर्षभर सांगितलेलं सगळं खोटं ठरणार. धुडकूचा चेहरा, दगाचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन तिला पाठवलं, त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुम्ही मला कुठं पाठवलंत? आणि तिला आणखी एक वेडी आशा होती. ती एकटी, अडाणी, जाडं लुगडं नेसलेली बाई. सुकदेव शिकलेला, पँट घालणारा. कदाचित त्यांना काही विचारणारही नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी दोघं पाया पडायला आली. विजयानं मोरपंखी साडी नेसली होती. केसात अबोली. आनंदीनं सुकदेवला बाजूला घेतलं.

"तिथं नाव लिहून घेतात. कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर…"

"तर काय? बौद्ध सांगेन. तूच ना आम्हाला म्हणतेस, मान खाली घालायची नाही म्हणून?"

तिनं विजयाकडं पाहिलं. विजयाही तिच्याकडंच बघत होती. हसता हसता तिचं हसू जरासं थांबलं होतं.

"नीट जा," आनंदी म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी खानावळीच्या दारात सावली पडली. खानावळ बंद होती, आनंदी एकटीच तांदूळ पाखडत बसली होती. सुकदेव आत आला. अंगात आदल्या दिवशीचाच सदरा, खिसा फाटून लोंबत होता. ओठ सुजला होता.

"काय व्हयनं रे?" ती उठली. "विजया कुठंय?"

"घरी." तो बसला नाही. "अक्का, एक सांग. तुला जेवायला कुठं बसवलं होतं?"

सूप तिच्या हातातच राहिलं.

"सांग ना. हॉलमध्ये?"

"खोलीत," ती म्हणाली.

"ताट?"

"जर्मनचं."

"कोण घासायचं?"

"मीच."

सुकदेवनं डोळे मिटले. मग त्यानं सगळं सांगितलं. नेहमीसारखं मोठ्यानं नाही, अगदी खालच्या आवाजात. जातीचं विचारलं, त्यानं सांगितलं. जेवण खोलीत पाठवतो म्हणाले, तर तो म्हणाला नको, आम्ही खाली बसू. विजयाला घेऊन तो पंगतीत जाऊन बसलाही. महाराजानं न बघता वाढलं. विजयानं पुरी मोडली, घास तोंडात घातला, आणि मॅनेजरनं येऊन तिच्या पुढचं ताट उचललं. तोंडात घास असताना. सगळ्या पंगतीसमोर. सुकदेवनं त्याचा हात धरला. मग दोन पहारेकरी आले. नवराबायकोची पिशवी वाळूवर फेकली गेली. वलसाडपर्यंत दोघं पायी आली आणि फलाटावर बसून राहिली.

"तिच्या तोंडात घास होता, अक्का. तो तिनं गिळला पण नाही न् थुंकला पण नाही. स्टेशनपर्यंत तसाच होता."

आनंदीनं सूप खाली ठेवलं.

"मला मारलं त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण तुला ठाऊक होतं. तू सांगितलं असतंस तर मी गेलो नसतो. नाहीतर गेलो असतो तर दहा माणसं घेऊन, भांडायलाच गेलो असतो. बायकोला नटवून नेलं नसतं. मी तिला तुझ्या भरवशावर नेलं."

"तुम्ही सगळ्यांनी एवढ्या मायेनं मला… कसं सांगू रे? तुझंच तोंड बघून मला बोलवेना."

"माझं तोंड बघितलंस. तिचं बघायला पाहिजे होतंस."

तो गेला. त्यानंतर सुकदेव खानावळीत आला नाही. महिन्याभरात त्यानं उधन्याला दुसऱ्या कारखान्यात काम धरलं आणि बिऱ्हाड तिकडं हलवलं.

गावी गेलेली माणसं परत आल्यावर पहिल्याच रविवारी आनंदीनं सगळं सांगितलं. वरण-बट्टी केली होती. सगळे जेवायला बसले होते, आणि ती हातात पळी घेऊन मधोमध उभी राहिली. महाराज, स्टीलचं ताट, मांडीवरची मुलगी, एकेक गोष्ट घेऊन तिनं खरी काय ती सांगितली. सुकदेव का येईनासा झाला, तेही सांगितलं. 

धुडकूनं हातातला घास ताटात ठेवला. "चूक आमची शे," तो म्हणाला. "तुला पाठवायच्या आधी आम्ही नको ते सगळं विचारलं. विचारायचं तेवढं राहिलं."

"चूक तुमची नाही," आनंदी म्हणाली. "मी वर्षभर तोंड शिवून बसले, ती माझी."

कुणी तिला दोष दिला नाही. पण तिचं समाधान झालं नाही. दोष देणारा एकच होता, आणि तो खानावळीत येत नव्हता.

मग तिला एक खोड लागली. खानावळीतला कुणी कुठं जायचं म्हणाला, लग्नाचं वऱ्हाड उतरवायला धर्मशाळा, फिरायला बस, आजाऱ्याला हवापालटाची जागा, तर ती आधी त्याला बसवून तिथल्या पंगतीचं विचारायची. बाहत्तर साली छगनला आईला घेऊन अजिंठा-वेरूळच्या बसनं जायचं होतं. राहणं-जेवण-दर्शन सगळं एकत्र, असं बसवाला सांगत होता. आनंदी स्वतः छगनबरोबर त्याच्या दुकानात गेली.

"जेवण कुठं वाढणार?" तिनं विचारलं.

"धर्मशाळेत. मस्त सोय आहे, मावशी."

"सगळे एका पंगतीत?"

"म्हणजे?"

"आम्ही बौद्ध. बुद्धाचीच लेणी बघायला चाललोत. तिथं आमच्या म्हातारीला पंगतीतून उठवणार नाहीत ना? पाण्याच्या माठाला हात लावू देतील? ताटं सगळ्यांची सारखी? तुमच्या तोंडानं सांगा, आणि उठवलं तर परत आणायची जबाबदारी तुमची, तेही सांगा."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती वळून बघायला लागली. छगनचे कान तापले. बसवाला वैतागला. "मावशी, इतकं कोणी विचारत नाही."

"मी पण नव्हतं विचारलं," आनंदी म्हणाली.

बसवाल्यानं धर्मशाळेच्या माणसाचं नाव घेतलं, खात्री दिली, पण त्याची नजर कागदांवर होती. आनंदीनं छगनला उठवलं. शेवटी छगन आईला एस.टी.नं घेऊन गेला, भाकरी बांधून, ओळखीच्या घरी मुक्काम करत. प्रवासात म्हातारीचे हाल झाले. परत आल्यावर ती कौतुकानं लेण्यांचं सांगत होती आणि सुजलेले पाय चोळत होती. आनंदीला त्या पायांकडं बघवेना.

शहात्तरच्या हिवाळ्यात एका दुपारी विजया आली. सात वर्षांनी. बरोबर पाच वर्षांची मुलगी होती, प्रभावती. विजया आता रोड झाली होती. आनंदीनं धावत जाऊन तिला आत घेतलं, पोरीच्या हातात गूळ-शेंगदाणे दिले, तवा ठेवला आणि दोघींना जेवायला वाढलं.

विजया जेवत होती. उजव्या हातानं घास घेताना तिचा डावा हात ताटाच्या काठावर घट्ट होता. आनंदीच्या ते लक्षात आलं. विजयाच्याही लक्षात आलं, की अक्कानं पाहिलं.

"घरी पण असंच होतं," ती म्हणाली. "लग्नकार्यात मी पंगतीला बसतच नाही. वाढते, आणि मग स्वयंपाकघरात मागं खाऊन घेते."

आनंदीनं पदर तोंडाला लावला. "माझ्यामुळं, बाई. माझ्यामुळं झालं सगळं. सुकदेवला सांग, मी…"

"त्यांनी पाठवलं नाही मला. मीच आलेय. तुम्हाला एक सांगायचंय, म्हणून आलेय." विजयानं पोरीला अंगणात खेळायला पाठवलं. मग ताट बाजूला सारून ती बोलायला लागली.

"त्या दिवशी आम्ही पाया पडायला आलो. तुम्ही यांना बाजूला घेतलं. तेव्हा मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. मला कळलं होतं, अक्का. काय ते नीट नाही कळलं, पण तिथं तुमच्या बाबतीत काहीतरी झालेलं आहे, एवढं कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला समुद्र बघायचा होता." विजया दाराबाहेरच्या पोरीकडं बघत होती. "नवीन साडी नेसले होते. वाटलं, बोलले तर हे नको म्हणतील जायला. म्हणून गप्प बसले. सात वर्षं हे तुमच्यावर रागावलेत न् मी ऐकून घेतेय. मी एकदाही म्हणाले नाही, की मलाही दिसलं होतं. आता सांगते त्यांना. आज घरी गेले की सांगते."

आनंदी तव्यावरची भाकर उलटायची विसरली. भाकर करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती खाली काढली.

"नको सांगू," ती म्हणाली.

"का?"

"त्यानं एकीवर टाकलेला भरवसा गेला. त्याचं तो सोसतोय. आता घरातल्या बाईवरचा पण घालवू नकोस. माझ्यावरचा राग मला पेलतो. मला काय, मी इथं, तो तिथं. तुला त्याच्याबरोबर जन्म काढायचाय."

विजया तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आनंदी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मनातून तिला हलकं वाटायला हवं होतं, की दोष एकटीचा नव्हता. पण तसं वाटलं नाही. या पोरीनं इतकी वर्षं हे एकटीनं वागवलं, याचंच तिला वाईट वाटत होतं.

त्यानंतर विजया वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी यायची. सुकदेवला ती काय सांगून यायची, ते आनंदीनं कधी विचारलं नाही.

अठ्ठ्याहत्तरला कारखान्याच्या शेठनं जागा मागितली. आनंदीचे गुडघेही धरले होते. धाकट्या भावाचं पत्र आलं, की भावजय गेली, घर रिकामं आहे, ये. खानावळ मोडली. परात, तवे, पातेली तिनं छगनच्या बायकोला दिली. स्टेशनवर पोचवायला अकरा माणसं आली. दगा सगळ्यांसमोर रडला. धुडकू दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

भुसावळ पॅसेंजर उधन्याला थांबते. विजया फलाटावर होती, पोरीचा हात धरून. तिनं खिडकीतून दशम्यांचं फडकं दिलं, गरम होत्या अजून. पोर म्हणाली, "आजी, मी दुसरीत गेले." आनंदीनं खिडकीतून हात घालून तिच्या गालावर ठेवला.

"ते दुसऱ्या पाळीला आहेत," विजया म्हणाली. "नाहीतर आले असते."

आनंदीनं मान हलवली. विजयाच्या पाठीमागं, फलाटाच्या टोकाला नळ होता. नळापाशी एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. हात धूत होता. बराच वेळ हात धूत होता. आनंदीनं त्याला लगेच ओळखलं, पण हाक मारली नाही. विजयाला कळू नये म्हणून तिनं नजरही तिकडून काढून घेतली आणि पोरीला विचारत राहिली, शाळेत काय शिकवतात, बाई मारतात का.

शिट्टी झाली. गाडी हलली. विजया खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि थांबली. डबा नळासमोरून गेला तेव्हा आनंदीनं पुन्हा बाहेर पाहिलं. तो अजून पाठमोराच होता. कानामागचे त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते.